परळ नाक्यावरून : अठरा पूर्ण, पुढे?

केईएम रुग्णालयाचा विषय निघाला की जुने परळकर १६ फेब्रुवारी १९६८ ची गोष्ट सांगतात. डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी त्या दिवशी इथे देशातलं पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं. केपटाऊनच्या पहिल्या प्रत्यारोपणाला तेव्हा तीन महिनेही झाले नव्हते. रुग्ण काही तासच जगला, तरी अभिमान रास्त आहे. ऑपरेशनचं कौतुक आपल्याला भारी. त्यानंतरची चाळीस वर्षं कुणी बघायची, हे विचारलं की सगळे गप्प.

जन्मजात हृदयदोषाचंच बघा. निळसर पडणाऱ्या बाळाचं टेट्रालॉजीचं ऑपरेशन होतं, पेढे वाटले जातात आणि फाइल माळ्यावर जाते. या ऑपरेशनात फुप्फुसाकडे जाणारी वाट रुंद करताना तिथली झडप बऱ्याचदा गळकी होते. हृदयाची उजवी बाजू ते ओझं वर्षानुवर्षं बिनतक्रार ओढते. पंचविशी-तिशीत दादरचा पूल चढताना धाप लागली तर घरचे म्हणतात, वजन वाढलंय. झडप बदलायची योग्य वेळ अशीच निघून जाते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तो आपल्याच पालघरमधून. अंगणवाडी-शाळेत तपासणी, दोष सापडला तर पुढचे उपचार. योजना उत्तम, पण वयाची अट अठरापर्यंत. एकोणिसाव्या वर्षी जायचं कुठे? मुलांचे हृदयतज्ज्ञ म्हणतात, आता मोठा झालास. मोठ्यांच्या ओपीडीत अँजिओप्लास्टीची गर्दी. अठरा पूर्ण होताना नेमकं काय ऑपरेशन झालं आणि पुढची तपासणी कधी, हे मराठीत लिहिलेलं एक कार्ड हातात पडलं तरी निम्मं काम होईल. याला फार पैसे लागत नाहीत.

महाधमनीची झडप जन्मतः दोनच पाकळ्यांची असणारे शंभरात एक-दोघे तरी असतात. त्यातल्या काहींना ऐन तारुण्यात धातूची झडप बसते. मग रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर, आणि ठरावीक दिवसांनी आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो याची तपासणी. गौरीच्या नैवेद्याला अळूचं फदफदं वाढलं की लालबागच्या चाळीत कुणीतरी हटकतंच, ‘तुला पालेभाजी चालत नाही ना?’ चालते. रोजचं प्रमाण साधारण सारखं हवं, इतकंच. खरा घात होतो तो केमिस्टकडून परस्पर आणलेल्या दुखण्याच्या गोळीने, किंवा दाढ काढताना झडपेचं सांगायचं राहून गेल्याने.

मुलींच्या बाबतीत तर मुद्दामच लपवतात. स्थळ मोडेल म्हणून छातीवरचा व्रण बंद गळ्याच्या ब्लाउजखाली जातो, सासरी गोळीचं नाव ‘ताकदीची’. पण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत हीच गोळी गर्भाला अपाय करू शकते आणि ती मनाने बंद केली तर झडपेवर गुठळी धरते. दिवस जाण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं लागतं, नवऱ्याला बरोबर घेऊन.