साहेब, ते जंगली झाड काढलं

मार्चमधला शनिवार. आठवडाभर रिलीजच्या मागे धावून झाल्यावर निदान नऊपर्यंत झोपायचं असा पक्का बेत होता. साडेसातला खालून घर्रर्र आवाज सुरू झाला. हेज कटर! गॅलरीतून डोकावलो आणि चपला न घालताच खाली पळालो.

उशीर झाला होता. कंपाउंड वॉलच्या कडेला तीन वर्षांपूर्वी मी लावलेली धायटी गुडघ्याएवढी चौकोनी कापून ठेवली होती, केकचा तुकडा कापावा तशी. फरशीवर लाल फुलांचा सडा आणि त्यात पिशवीसारखं एक लोंबतं घरटं. कोळ्याची जाळी, गवत, सालीचे कपटे यांनी विणलेलं. आत फुटलेली अंडी. शिंजीराची मादी समोरच्या केबलवर बसून ओरडत होती.

"साहेब, लिस्टमध्ये 'जंगली झुडूप' म्हणून लिहून आलं होतं," माळीकाका खाली मान घालून म्हणाले. "आता धायटी मला काय ठाऊक नाही व्हय? आमच्या डोंगरावर लई. लहानपणी फुलं तोडून मध चोखायचो आम्ही."

म्हणजे बघा. ज्याला झाड ओळखता येतं त्याच्या हातात कटर, आणि ज्याला येत नाही त्याच्या हातात लिस्ट. माझं भांडण माळीकाकांशी नाहीच. ते त्या लिस्टशी आहे, आणि ती लिस्ट पास करणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या लोकांशी आहे.

हिंजवडीतल्या कुठल्याही सोसायटीत जा. गेटवर रॉयल पाम, मध्ये कार्पेट लॉन, कडेने ड्युरांटाचं पिवळंधमक कुंपण. सगळीकडे तेच. कोणीतरी एकदा डिझाइन केलं आणि बाकीच्यांनी कॉपी-पेस्ट मारलं. ड्युरांटाला खरं तर छान निळी-जांभळी फुलं येतात, पण आपण त्याला दर पंधरा दिवसांनी कापतो, मग फुलणार कधी? ही बाग ब्रोशरमधल्या फोटोसाठी आहे. आमच्या भाषेत सांगायचं तर युआय झकास, बॅकएंड रिकामा.

आणि बिल्डिंगच्या नावात मात्र ग्रीन, वुड्स, मेडोज काहीतरी असतंच. असो.

आता ही 'जंगली' धायटी कोण ते ऐका. सह्याद्रीच्या उघड्या, खडकाळ उतारांवर ही आपोआप वाढते. मुरमाड जमीन, कडक ऊन, पाण्याची बोंब... हिची काही तक्रार नाही. साधारण जानेवारी ते एप्रिल, डोंगर वाळून पिवळा पडलेला असताना, हिच्या फांद्या लालभडक नळीसारख्या फुलांनी लगडतात. गंमत म्हणजे तो लाल रंग पाकळ्यांचा नाहीच, तो पुष्पकोशाचा. पाकळ्या इवल्याशा. आयुर्वेदात हीच धातकी. आसवं-अरिष्टं आंबवताना हिची फुलं घालतात. मेंदी, डाळिंब आणि आपलं राज्यफूल तामण हे सगळे हिच्याच कुळातले. म्हणजे खानदान चांगलं आहे हो!

त्या नळीच्या तळाशी मध असतो आणि शिंजीराची बाकदार चोच त्यासाठीच बनल्यासारखी आहे. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर वर्षी कोणीतरी 'हमिंगबर्ड आला' म्हणून फोटो टाकतं. अहो, हमिंगबर्ड फक्त अमेरिका खंडांत असतात. हा आपला शिंजीर. हा बहुतेक वेळा फांदीवर बसून मध पितो. आणि जास्वंदीसारख्या मोठ्या फुलाला बुडाशी भोक पाडून पुढच्या दाराने न जाताच मध पळवतो. हुशार आहे बेटा.

कमिटीशी बोललो. तीन मुद्दे समोर आले.

एक, 'ते अस्ताव्यस्त दिसतं.' दिसतं. झुडूप आहे ते, फाइल कॅबिनेट नव्हे.

दोन, 'झुडपात साप येतात.' साप फुलं हुंगायला येत नाहीत, उंदरांमागे येतात. आणि उंदीर येतात ते पार्किंगमागे साठलेल्या आपल्या कचऱ्यावर. धायटी कापून कचरा जात नाही.

तीन, 'शिंजीर तर हमेलियावर पण येतो. मग देशी-परदेशी कशाला?' हा मुद्दा मात्र वजनदार आहे. हमेलिया मेक्सिकोकडची, आणि शिंजीर तिच्यावर खरंच येतो. मिरची-टोमॅटोही तिकडूनच आले, आणि त्यांच्याशिवाय आपलं पान हलत नाही. तेव्हा पासपोर्ट बघून झाड उपटा असं मी म्हणतच नाहीये. पण पिल्लं नुसत्या मधावर वाढत नाहीत. शिंजीर त्यांना किडे, अळ्या, कोळी भरवतो. म्हणजे बागेत किडे हवेत, किड्यांना खायला ओळखीची पानं हवीत आणि वर औषधाची फवारणी नको. कढीपत्त्यावर, लिंबावर ज्या अळ्या दिसल्या की आपण किंचाळतो, त्यांचीच फुलपाखरं होतात, आणि काही अळ्यांचा पिल्लांना घास होतो. दर महिन्याला फवारणी करायची आणि वर 'हल्ली पक्षी दिसत नाहीत' म्हणून हळहळायचं, हे कसलं लॉजिक?

कायद्याचंही सांगतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच जंगली पक्ष्यांची अंडी फोडणं, घरटी विस्कटणं येतं. शनिवारी सकाळी आपल्या मेंटेनन्सच्या पैशातून काय झालं ते आता तुम्हीच ठरवा.

मला सगळ्यात जास्त टोचतो तो 'जंगली' हा शब्द. जिथे आपले टॉवर उभे आहेत तिथे भातखाचरं होती. आपण आलो नोकरीसाठी, कोणी लातूरहून, कोणी लखनौहून. मीही आलोच. आणि जी इथल्या डोंगरांवर आपल्या आधीपासून आहे ती धायटी जंगली, उपरी?

मागणं फार नाही. कंपाउंडलगतची एक पट्टी मोकळी सोडा. तिथे धायटी, अडुळसा, कढीपत्ता लावू, रोपांचा खर्च माझा. धायटीची छाटणी फुलोरा आणि बिया उरकल्यावर, पावसाच्या तोंडावर, आणि आधी घरटं आहे का ते बघून. त्या पट्टीत फवारणी बंद. बाकी लॉन ठेवा तुमचं.

आणि तुम्ही, वाचून मान डोलावणारे! नर्सरीत गेलात की 'काहीतरी शोभेचं द्या' म्हणू नका. नाव घेऊन मागा. नसेल तर पुन्हा मागा. गिऱ्हाईक मागत नाही म्हणून ते ठेवत नाहीत. जागा उन्हाची निवडा, पाणी साचू देऊ नका, पहिलं वर्षभर पाणी घाला आणि मग तिला तिच्या वाटेने वाढू द्या.

तीन आठवडे झाले. धायटीच्या बुडाशी तांबूस फुटवे आलेत. माळीकाकांनी न सांगता तिच्याभोवती विटा लावल्यात. शिंजीर अजून परतलेला नाही.

रविवारी एजीएम आहे. ते घरटं मी एका डब्यात जपून ठेवलंय. तेच टेबलावर ठेवणार आहे.