हरणांचा बिझनेस प्लॅन

परवा लंच टाइममध्ये आमच्या टीममधल्या एका पंटरने डबा बाजूला सारला आणि लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. स्क्रीनवर टेक्ससमधलं एक रँच. आठ फुटी जाळी, आत चितळांचा कळप आणि खाली शिकारीचं रेटकार्ड. ‘‘बॉस, ही तर आपलीच चितळं! भामरागडला जंगलच जंगल आहे. फार्म टाकू. पार्टनर होतोस?’’

चितळं आपलीच, हे खरंय. १९३२ च्या सुमारास ती टेक्ससमध्ये नेऊन सोडली. तिथे ती ‘परदेशी’, म्हणून शिकारीला हंगामाचं बंधन नाही. गिऱ्हाईक बारा महिने. (आपल्या आयटीवाल्यांच्या कितीतरी आधी ही मंडळी अमेरिकेत सेटल!)

पण धंदा वाटतो तेवढा सोपा नाही. हरीण भलतं भित्रं. पकडताना, ट्रकमध्ये चढवताना नुसत्या धसक्यानेही मरतं. बरं, माणसाळवावं तर आणखी पंचाईत. बाटलीच्या दुधावर वाढलेला नर मोठा झाला की माणसाला भीत नाही, सरळ शिंगांवर घेतो. आणि पैसे मोजून आलेल्या शिकाऱ्याला पळणारं हरीण हवं असतं, बिस्कीट मागायला येणारं नाही. रोगराई आहेच. हरणांचा मेंदू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग डिसीज १९६७ मध्ये कोलोरॅडोत, बंदिस्त हरणांमध्येच पहिल्यांदा दिसला. त्यावर औषध नाही. २०१५ मध्ये तो टेक्ससच्या एका ब्रीडिंग फार्मवर पोचला. असा रोग निघाला की अख्खा कळप मारायची वेळ येऊ शकते. फेब्रुवारी २०२१ च्या हिमवादळात तर तिथली कितीतरी चितळं गारठून मेली. शेवटी उन्हातलीच ती!

‘‘आपल्याकडे थंडी नाही,’’ पंटर म्हणाला. नाही, पण १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. चितळ मारायचं नाही आणि धंद्यासाठी पाळायचंही नाही. शिवाय तिथली आदिवासींची जमीन तुला-मला अशी विकत घेता येत नाही. म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट घेऊन बँकेत जायच्या आधी वकील गाठायचा.

मग मी त्याला हेमलकशाचं सांगितलं. भामरागडच्या अलीकडेच आहे. लोकबिरादरी प्रकल्प तिथे १९७३ मध्ये सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि मंदाताई आमटे यांना एकदा माडिया लोक शिकार करून परतताना दिसले. मेलेल्या माकडिणीला तिचं जिवंत पिल्लू चिकटलेलं. शिकार पोटासाठी होती, पिल्लूही खाल्लं जाणार होतं. आमट्यांनी धान्याच्या बदल्यात ते मागून घेतलं. पुढे लोक पिल्लं आणून देऊ लागले, हरणांचीसुद्धा. त्यातून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं.

मी गेलो होतो तेव्हा एका चितळाने जाळीतून नाक काढून माझा तळहात हुंगला. ओलसर, गार नाक. मी खूश होऊन फोटो काढत बसलो. ही पिल्लं बहुतेक आई मारली गेल्यावर इथे येतात, हे मला संध्याकाळी जेवताना कळलं. घास हातातच राहिला.

पंटरने रेटकार्डची विंडो बंद केली. थोडा वेळ गप्प होता.

‘‘तिकडे जायला नागपूरहून गाडी मिळते का रे?’’

‘‘मिळते. पावसाळा सोडून जा. नद्या फुगल्या की रस्ता बंद होतो.’’