लाइव्ह काउंटर आवरा, भेळ कालवा

चार वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला खायला काय ठेवायचं, हा प्रश्न किरकोळ आहे असं कुणी म्हटलं की मला त्याला मालाडला आणावंसं वाटतं. शनिवारी संध्याकाळी लिंक रोडच्या बाजूच्या एखाद्या मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये डोकवा. पास्त्याचा लाइव्ह काउंटर, नाचोज, चीज बॉल्स, निळं मॉकटेल, कॉटन कँडीचं मशीन, आणि मोठ्यांसाठी पाणीपुरी वेगळी. केटरर किमान पन्नास प्लेटखाली ऑर्डर घेत नाही, म्हणून माणसंही पन्नास. त्या गर्दीत वाढदिवसाचं मूल शोधावं लागतं. सापडतं तेव्हा ते बहुधा कोपऱ्यात नुसते वेफर्स खात असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. लहान मुलाच्या वाढदिवसाच्या मेनूला एकच कसोटी लावा. ज्यांना बोलावलंय, त्यांतल्या सगळ्यात बेताच्या घरालाही पुढच्या महिन्यात तोच मेनू करता आला पाहिजे. करता येणार नसेल, तर तुम्ही त्या घराला आमंत्रण दिलेलं नाही, उधारी दिलेली आहे.

उधारी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. माझ्या ओळखीतल्या एका आईने मुलाला वाढदिवसांना पाठवणंच बंद केलं. मुलगा सिनियर केजीत, घर कुरारमध्ये एका खोलीचं. ‘परत बोलवायला आपल्याला कुठे जमणार आहे?’ एवढंच ती म्हणाली. मुलाला सांगितलं, तुला ताप आहे. पाच वर्षांचं पोर पार्टीच्या दिवशी आपण आजारी असतो हे शिकलं. ज्यांनी बोलावलं होतं ती माणसं वाईट नव्हती. त्यांनी वर्गातल्या सगळ्यांना मनापासून बोलावलं होतं. फक्त आपल्या मेनूने पुढच्या घराची किंमत ठरवली जाते, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं.

ही एका घराची हळवी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार खासगी शाळांमध्ये प्रवेशाच्या पहिल्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घरांतल्या मुलांना द्याव्या लागतात. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये नियम बदलून सरकारी शाळेच्या एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना यातून सूट दिली. पालक आणि संघटना कोर्टात गेल्या आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. म्हणजे टॉवरमधलं मूल आणि चाळीतलं मूल एका बाकावर बसावं यासाठी इथे लोक हायकोर्टात भांडलेत. आणि त्या दोन मुलांना पुन्हा वेगळं करायला आपल्याला एक पास्ता काउंटर पुरतो.

आता दुसरी बाजू. ‘आम्ही तसलं काही करत नाही, आम्ही हेल्दी पार्टी करतो’ म्हणणारे. यांच्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. नाचणीचे कपकेक, ताऱ्याच्या आकाराचं सँडविच, बिटाच्या रंगाची इडली, प्रत्येक वाटीवर मुलाच्या नावाचा टॅग. पदार्थ चांगलेच आहेत. पण ही तीच स्पर्धा आहे. पैशाऐवजी आईचे दोन दिवस मोजले जातात, एवढाच फरक. लाइव्ह काउंटर न परवडणारी बाई निदान ‘बजेट नव्हतं’ म्हणू शकते. हिला वाटतं आपणच कमी पडलो.

याच ठिकाणी कुणीतरी आठवण काढतं, ‘आमच्या लहानपणी आई घरी बटाटेवडे तळायची.’ तळायची, खरंय. जुना अल्बम काढून बघा. केक कापतानाच्या फोटोत बाबा, आजी, शेजारचे काका, सगळे आहेत. आई बऱ्याचदा नाही. ती कढईपाशी आहे. ते दिवस परत आणा असं मी म्हणत नाही. ‘सोपा मेनू’ म्हणताना कुणाला सोपा, हे आधी विचारा. पाहुण्यांना सोपा आणि घरातल्या एका बाईला सकाळपासून उभं ठेवणारा मेनू सोपा नसतो.

मग करायचं काय? हा प्रश्न आपल्याकडे आधीच सुटलेला आहे. बोरन्हाण घ्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करायचं, पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, शेंगा, तिळाचा हलवा. शिजवायचं काही नाही. जे मोसमात स्वस्त, तेच ताटात. मुलाच्या डोक्यावरून ते ओतायचं आणि जमलेल्या पोरांनी वेचून खायचं. खाणं हाच खेळ, आणि कुणाच्या हाताला काय लागलं यात घराची ऐपत दिसत नाही. किंवा भोंडल्याची खिरापत घ्या. डबा झाकलेला, आत काय ते ओळखायचं. एका घरी श्रीखंडाच्या वड्या, दुसऱ्या घरी भिजवलेली डाळ. ओळखण्याची मजा दोन्हीकडे तेवढीच. ज्यांनी या रीती पाडल्या त्यांना कळत होतं की मुलांना चवीपेक्षा गंमत लागते आणि गंमत स्वस्त असते. आता बोरन्हाणाचंही थीम डेकोरेशनसकट पॅकेज मिळतं, तो भाग वेगळा.

मालाडच्या वाढदिवसाला माझं उत्तर भेळ आहे. हसू नका, हिशेब बघा. २५ लहान मुलांना एक किलो कुरमुरे पुरून उरतात. शेव, बारीक चिरलेला टोमॅटो, काकडी, कैरीचे दिवस असतील तर कैरी, आणि खजूर-चिंचेची गोड चटणी आदल्या दिवशी करून ठेवलेली. कांदा, उकडलेला बटाटा आणि तिखट चटणी वेगळ्या वाट्यांत. सोबत केळी, केकचा एक तुकडा आणि लिंबाचं सरबत. संपलं. यातलं काहीही बाबाला जमतं, मामाला जमतं, आणि कालवायला मुलांनाच बसवलं तर अर्धा तास खेळ वेगळा शोधावा लागत नाही.

मालाडमध्ये भेळेचं आणखी एक काम आहे. एका वर्गात स्टेशनजवळच्या जैन घरातली मुलगी, मालवणीतला मुसलमान मुलगा, ऑर्लेमची कॅथलिक मुलगी आणि दिंडोशीतलं मालवणी बोलणारं पोर असतं. कांदा-बटाटा बाजूला असला की एकाच पातेल्यातून सगळ्यांना वाढता येतं. ‘तुझं वेगळं ठेवलंय हं’ असं कुणालाच ऐकावं लागत नाही. लहान मुलाला वेगळी प्लेट म्हणजे काय ते आपल्याला वाटतं त्याच्या खूप आधी समजतं.

इथे एक रास्त आक्षेप आहे. सगळ्यांनी जैन पद्धतीनेच खायचं, ही कुठली समानता? जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने शाळेच्या पोषण आहारातल्या अंड्यांसाठी स्वतःचा निधी देणं थांबवलं. रोजच्या जेवणात प्रथिनं मिळण्याचं ज्यांचं ठिकाण शाळाच आहे, त्या मुलांच्या ताटातून अंडं जाणं हा अन्यायच आहे आणि त्यावर भांडलंच पाहिजे. पण वाढदिवस म्हणजे पोषण आहार नव्हे. ती दोन तासांची पाहुणचाराची गोष्ट आहे, आणि पाहुणचारात यजमान थोडं आवरतं घेतो. फक्त हे आवरणं दोन्ही बाजूंनी हवं. तुमच्या घरच्या बिनअंड्याच्या केकला सगळे येतात, तर ऑर्लेमच्या घरी चिकन सँडविचची एक बशी दिसली म्हणून तुमचं मूल उठवून आणू नका. त्याला भेळ खाऊ द्या, शेजारच्याला सँडविच खाऊ द्या. जो फक्त स्वतःच्या घरी ‘सगळ्यांसाठी एक प्लेट’ म्हणतो आणि दुसऱ्याच्या घरी पाठवत नाही, त्याची समानता मला मान्य नाही.

आणि ज्यांना वाटतं की काउंटरवरचं खाणं निदान सुरक्षित तरी असतं, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. २०२४ च्या सुरुवातीला तमिळनाडूने कॉटन कँडीवर बंदी घातली आणि कर्नाटकाने तिच्यातल्या कृत्रिम रंगांवर. कारण नमुन्यांत ऱ्होडामाइन-बी हा कपड्यांना वापरायचा रंग सापडला होता. त्याच एप्रिलमध्ये धूर निघणाऱ्या बिस्किटांवरून तमिळनाडूच्या अन्नसुरक्षा विभागाला इशारा द्यावा लागला, कारण द्रव नायट्रोजन पूर्ण उडून जायच्या आत पोटात गेला तर इजा होते. फोटोत छान दिसतं म्हणून मुलांच्या तोंडात काय जातंय, ते एकदा बघा. घरी मात्र एक काळजी घ्याच. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, पॉपकॉर्न, कडक गोळ्या देऊ नका. द्राक्षं उभी चिरून द्या, बोरातली बी काढा. धावता धावता खाऊ देऊ नका, बसवून खायला द्या. भेळेतही दाणे घालू नका.

‘पण वर्षातून एकदाच तर असतो वाढदिवस.’ तुमच्या मुलाचा एकदाच असतो. वर्गात तीस मुलं आहेत, म्हणजे त्या वर्गात तो तीस वेळा असतो. एका घराने काउंटर लावला की उरलेल्या एकोणतीस घरांत रात्री हिशेब सुरू होतो. एका घराने भेळ केली की त्याच एकोणतीस घरांत कुणीतरी सुटकेचा श्वास सोडतं. हे मी अंदाजाने म्हणत नाही. आमच्या इमारतीत एका कुटुंबाने हिंमत करून गच्चीवर भेळ आणि केक एवढंच ठेवलं, तर त्या वर्षी पुढचे तीन वाढदिवस तसेच झाले. कुणी ठराव केला नव्हता. पहिलं कोण, एवढाच प्रश्न होता.

आणि ज्याच्याकडे पैसे जास्त आहेत, त्यानेच पहिलं व्हायला हवं. बेताच्या घराने साधा मेनू केला की लोक त्याला नाइलाज म्हणतात. टॉवरमधल्या विसाव्या मजल्यावरच्या घराने केला की ती पद्धत होते. तुमच्या पैशाचा मुलांच्या पार्टीत उपयोग करायचाच असेल, तर असा करा.

पुढचा वाढदिवस तुमच्या मुलाचा असो, भाचीचा असो, आमंत्रणाच्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये दोन ओळी घाला. ‘खायला भेळ, केळी आणि केक. भेटवस्तू आणू नका, आमच्याकडूनही रिटर्न गिफ्ट नाही.’ हा मेसेज वाचून एखाद्या घरातल्या मुलाचा ताप उतरेल.