‘जीवनवादी’ आजी

मराठी साहित्याच्या वर्गात ‘जीवनवादी’ हा शब्द उच्चारला की फडके-खांडेकर वाद आठवतो. कला कलेसाठी की जीवनासाठी, या प्रश्नावर आपल्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी उत्तरपत्रिका भरल्या आहेत. मात्र गेल्या अर्धशतकात जगभर आणखी एक पक्ष स्वतःला जीवनाचा कैवारी म्हणवून घेत आला आहे. गर्भधारणेच्या क्षणापासून माणूस हा माणूसच असतो आणि म्हणून गर्भपात ही हत्या होय, असे मानणाऱ्यांचा हा पक्ष. त्यांच्यासाठी मराठीत शब्द नाही. ‘गर्भपातविरोधक’ म्हटले तर ते कशाच्या विरुद्ध आहेत एवढेच कळते, कशाच्या बाजूने आहेत ते कळत नाही. ‘जीवनवादी’ म्हणावे, तर ती जागा खांडेकरांनी अडवलेली!

ही उणीव केवळ कोशाची नाही. अशा माणसाकडे आपल्या साहित्याने निवांतपणे पाहिलेलेच नाही, हे त्यामागचे खरे कारण आहे, असे मला वाटते.

मराठी साहित्याला ख्रिस्ती माणूस अपरिचित नाही. फादर स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ चे. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ चे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’शिवाय आत्मचरित्राचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. असे असूनही आपल्या समीक्षेला ख्रिस्ती माणूस दिसतो तो मुख्यतः धर्मांतराच्या उंबरठ्यावर. जुना धर्म सुटतो, नातेवाईक तुटतात, नवा धर्म स्वीकारला जातो, या नाट्यावर आपण भरभरून लिहितो. ज्यांच्या घरात हे नाट्य चारशे वर्षांपूर्वी घडून गेले आणि आता ज्यांचा धर्म म्हणजे रोजच्या सवयी, नातवंडे, आजारपणे आणि निवृत्तिवेतन एवढाच आहे, त्यांचे काय? खुद्द ‘स्मृतिचित्रे’चा अर्ध्याहून अधिक जीव अशा सवयींतच आहे. बालकवींसारखे परके मूल घरात येते आणि घरचे होऊन जाते, यात लक्ष्मीबाईंचा धर्म जितका दिसतो, तितका तो तात्त्विक चर्चांत दिसत नाही. आपण मात्र परीक्षेत प्रश्न विचारतो तो धर्मांतरावर.

वसईचेच उदाहरण घ्या. १५३४ साली हा भाग पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी तो जिंकला. मधल्या दोनशे वर्षांत ख्रिस्ती झालेली कुटुंबे तिथेच राहिली, वाड्या कसत राहिली, आपली बोली बोलत राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर त्यांची मिस्सा मराठीत होऊ लागली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो याच मातीतले. २०२० साली तेव्हाच्या उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला भरलेल्या त्र्याण्णव्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्या निवडीवर किती गदारोळ झाला, हे वाचकांना आठवत असेल. चारशे वर्षे मराठीत प्रार्थना करणाऱ्या समाजाला आपण तेव्हाही पाहुणाच समजत होतो.

माझ्या परिचयातील अशा एका आजींविषयी लिहिते. त्यांची मुलगी एम. ए. ला माझ्या वर्गात होती. दोघींच्या संमतीने, ओळखीच्या खुणा बदलून हे लिहीत आहे. आजी पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. पहाटेची मिस्सा, मग यजमानांचे इन्सुलिन, मग नातवंडांचे डबे. नातवंडे इंग्रजी माध्यमात शिकणारी, त्यामुळे मराठीचा गृहपाठ आजींकडे. जोडाक्षर चुकले की शिक्षिका जागी होते. आठवड्यातून एकदा चर्चमधल्या गटाबरोबर अंथरुणाला खिळलेल्यांची विचारपूस. संध्याकाळी क्रूसासमोर दिवा लागला की सगळ्यांनी मिळून रोझरी. चार नातवंडांतला एक नातू डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेला. शर्टाची बटणे लावायला शिकण्यात त्याचे एक वर्ष गेले. ते वर्ष आजींचेही गेले. दुपारी जेवणे उरकली की ओट्यावर बसून एक जुना सदरा पुढ्यात घ्यायचा आणि वरून खाली पाच बटणे लावायची. या कामाचा आजींच्या बोलण्यात कधी उल्लेख नसतो. मी पाहिले म्हणून मला ठाऊक.

आता या आजींची गर्भपाताविषयीची भूमिका काय असेल, ते वेगळे सांगायला नको. १९६८ च्या ‘ह्युमाने व्हिते’ आणि १९९५ च्या ‘एव्हान्जेलियुम व्हिते’ या पोपच्या परिपत्रकांत जे आहे, तेच त्यांचे मत. त्यांनी ती वाचलेली नसावीत. अमेरिकेत १९७३ साली गर्भपाताचा हक्क घटनादत्त ठरला आणि २०२२ साली तो काढून घेतला गेला, या घडामोडींशीही त्यांना कर्तव्य नाही. जीव देवाने दिला, तो माणसाने घेऊ नये, एवढीच त्यांची मांडणी. फाशीलाही त्यांचा विरोध आहे, आणि या बाबतीत त्या कित्येक घोषणाबाज ‘जीवनरक्षकां’पेक्षा सुसंगत आहेत.

त्यांच्या मुलीने, म्हणजे माझ्या मैत्रिणीने, २०१६ साली गर्भपात करून घेतला. दुसरे मूल झाल्यानंतरची ती गर्भधारणा होती. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत गर्भात गंभीर दोष आढळले. १९७१ च्या कायद्याची वीस आठवड्यांची मर्यादा तेव्हा लागू होती आणि हाताशी चार दिवस होते. काही विशिष्ट परिस्थितींत ही मर्यादा चोवीस आठवड्यांवर नेणारी दुरुस्ती २०२१ ची. वैद्यकीय मंडळाने गंभीर दोष असल्याचे ठरवले तर आता आठवड्यांची मर्यादा उरत नाही. तेव्हा तसे नव्हते. चार दिवसांत नवरा-बायकोने निर्णय घेतला. भावाच्या घरी काय करावे लागते, हे तिने डोळ्यांनी पाहिलेले होते. आईएवढे बळ आपल्यात नाही, असे तिला वाटले. की आईने जे आनंदाने केले ते आपण केलेच पाहिजे असे नाही, असे वाटले? ती स्वतः दोन्ही सांगते.

आजींनी मुलीशी बोलणे टाकले नाही. पुण्याला जाऊन त्या महिनाभर तिच्याजवळ राहिल्या, तिचे पथ्यपाणी केले. त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. पण आजींची एक रीत आहे. नाताळात प्रत्येक नातवंडाच्या नावाचे पाकीट करायचे. त्या वर्षीपासून पाकिटे पाच होऊ लागली. पाचव्यावर नाव नसते. त्यातले पैसे अनाथालयाला जातात.

दोन वर्षांनी मुलीच्या ते लक्षात आले. ती म्हणाली, “आई, तू दर नाताळात मला कोर्टात उभी करतेस.”

आजी म्हणाल्या, “तुझ्याबद्दल मी काही म्हटलं का? मी माझी नातवंडं मोजते.”

या दोन वाक्यांत जे आहे, ते मराठी कथेने अजून लिहिलेले नाही. दोन्ही वाक्ये खरी आहेत, आणि एकाने दुसरे खोडले जात नाही. पाकीट अजून निघते. मुलगी अजून दुखावते. दोघी अजून एकमेकींकडे जातात-येतात.

मैत्रिणीने ‘कोर्ट’ हा शब्द वापरला तेव्हा मराठीच्या विद्यार्थिनीला जे आठवायला हवे तेच मला आठवले. तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगमंचावर आले. बेणारेबाईंवर खेळातल्या खेळात आरोप ठेवला जातो तो भ्रूणहत्येचा. मातृत्वाच्या पावित्र्यावर भाषणे होतात. आणि शेवटी हेच न्यायालय निकाल देते की तिच्या पोटातले मूल नष्ट करण्यात यावे! बेणारेला तर ते मूल हवे आहे. त्याला बाप मिळावा म्हणून तिने पुरुषांपुढे पदर पसरलेला आहे. भ्रूणहत्येच्या आरोपाने सुरू झालेला खटला भ्रूणहत्येच्या आज्ञेने संपतो. हा उपरोध आपण ‘मध्यमवर्गीय ढोंग’ एवढ्या दोन शब्दांत वर्गात उरकतो. मला तो अधिक खोल वाटतो. त्या न्यायालयाला जिवाशी काही देणेघेणेच नव्हते. त्याला बाईवर सत्ता हवी होती. आरोप आणि आज्ञा ही त्या एकाच सत्तेची दोन रूपे आहेत.

आजी आणि काशीकर यांच्या तोंडी वरवर पाहता एकच वाक्य असू शकते. फरक असा की, आजींचे वाक्य आजींनाच काही करायला लावते आणि काशीकरांचे वाक्य फक्त बेणारेला. जीवनाच्या बाजूने बोलणाऱ्याची परीक्षा इथे होते. त्याच्या श्रद्धेचा भार कोण उचलतो?

ही कसोटी ख्रिस्ती माणसापुरती नाही, आणि आपल्या परंपरेला नवीनही नाही. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. त्या काळी फसवल्या गेलेल्या विधवेपुढे गर्भपात, अर्भकहत्या किंवा आत्महत्या एवढेच मार्ग असत. १८८१ साली सुरतेच्या एका विधवेला अर्भकहत्येसाठी फाशीची शिक्षा सुनावली गेली. ती पुढे सौम्य झाली, पण त्या प्रकरणावर वृत्तपत्रांत बायकांच्या नीतीविषयी जे छापले गेले त्याच्या संतापातून ताराबाई शिंदे यांची ‘स्त्रीपुरुष तुलना’ १८८२ मध्ये लिहिली गेली. फुले दांपत्याने विधवांना हत्येच्या पापावर प्रवचन दिले नाही. बाळंतपणासाठी घर दिले, आणि तिथे जन्मलेल्या यशवंताला दत्तक घेतले. मराठीत ‘जीवनवादी’ या शब्दाला नवा अर्थ द्यायचाच असेल, तर तो इथून द्यावा.

भाषेचा विषय निघालाच आहे तर ‘भ्रूणहत्या’ या शब्दाकडेही पाहू. गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ साली, देशात सर्वांआधी केला. तरीही राज्यात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींचे प्रमाण २००१ साली ९१३ होते, ते २०११ साली ८९४ वर आले. या अन्यायाविरुद्ध मोहिमा निघाल्या आणि ‘स्त्रीभ्रूणहत्या’ हा शब्द भिंतीभिंतीवर गेला. स्त्री-संघटनांनी त्यावर हरकत घेतली ती रास्त होती. लिंगनिवड हा गुन्हा म्हणताना ‘हत्या’ हा शब्द वापरला की कायदेशीर गर्भपात करणारी प्रत्येक स्त्री नकळत खुनी ठरते. शब्द निवडला सरकारने, आणि त्याचा बोल मात्र बाईला.

कायद्याविषयीचे माझे मत स्पष्ट सांगते. निर्णय स्त्रीचाच असला पाहिजे. आजींची श्रद्धा कायदा झाली तर काय होते, हे २०१२ साली आयर्लंडमध्ये दिसले. आईवडील बेळगावला असलेल्या सविता हलप्पनवार तिथे गर्भपाताची मागणी करीत होत्या. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होते, तरी त्याच्या हृदयाचे ठोके सुरू आहेत म्हणून मागणी नाकारली गेली, आणि जंतुसंसर्गाने सवितांचा मृत्यू झाला. त्या देशाने २०१८ साली सार्वमताने आपली घटना बदलली. श्रद्धावान संस्था कठोर कशा होतात याची उदाहरणे आपल्याकडेही आहेत. र. धों. कर्वे यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ साली विल्सन महाविद्यालयातली नोकरी सोडावी लागली.

मग या आजींचे एवढे कौतुक का, असे कोणी विचारील. त्यांचे पाकीट हाही एक मूक दबाव नव्हे काय? आहे, आणि मैत्रिणीला तो जाचतो हे मी लपवलेले नाही. बटणे लावून घेणाऱ्या आजी बहुधा आजीच का असतात, आजोबा का नसतात, हाही प्रश्न विचारायला हवा. पण दबावाला उत्तर देता येते, ‘आई, तू मला कोर्टात उभी करतेस’ असे म्हणता येते. निकालाला असे म्हणता येत नाही. बेणारेचे ते प्रदीर्घ स्वगत आठवा. ती बोलते तेव्हा न्यायालयातले सगळे थिजलेले असतात. तिचे म्हणणे कोणाच्याही कानापर्यंत जात नाही.

आपले पुरोगामी लेखन आजींसारख्या माणसांना प्रतिगामी म्हणून एका वाक्यात निकालात काढते, आणि त्यांचे धार्मिक नेते त्यांना एका घोषणेत बसवतात. दोन्हीकडे आजींचा दिवस गळून पडतो. तो दिवस लिहिणे हे साहित्याचे काम आहे, आणि तो मुलीच्या बाजूनेही तितक्याच निष्ठेने लिहिला गेला पाहिजे. मतांचा संघर्ष वर्तमानपत्रांत रोज वाचायला मिळतो. एकमेकींवर माया असलेल्या दोन बायका एकाच घटनेला दोन नावे देतात आणि तरी एका ताटात जेवतात, हे लिहायला कथाकारच हवा.

अध्यापक मित्रांना एक सुचवावेसे वाटते. यापुढे ‘शांतता!’ शिकवाल तेव्हा ‘बेणारे दोषी की निर्दोष’ असे विचारू नका. तिच्या मुलाला वाढवायला त्या खोलीतले कोण पुढे आले असते, असे विचारा. त्या प्रश्नाच्या उत्तरावरून कोण ‘जीवनवादी’ आणि कोण नुसता न्यायाधीश, हे विद्यार्थ्यांचे त्यांनाच ठरवता येईल.