दाढेची नळी आणि बागेची नळी

दाढ ठणकू लागली की आपल्याकडचा माणूस प्रथम लवंग दाबून धरतो. मग औषधाच्या दुकानातून गोळ्या आणतो. तरीही राहवेना तर एक दिवसाची मजुरी बुडवून दाढ उपटून येतो. ‘काढून टाकली, कटकट गेली’ असे तो सांगतो आणि ऐकणारेही माना डोलावतात. अशा उपटलेल्या दाढांतील बऱ्याच वाचण्याजोग्या असतात, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या वाचवण्याच्या उपचाराला रूट कॅनाल म्हणतात हे आता जोयड्यापासून रामनगरपर्यंत सर्वांना ठाऊक झाले आहे. परंतु रूट कॅनाल म्हणजे ‘नस काढणे आणि वर टोपी बसवणे’ एवढाच लोकांचा समज आहे. या दोहोंच्या मधले जे काम, ज्यावर दाढ टिकणे न टिकणे अवलंबून असते, त्याचे नावही कोणी घेत नाही. ते काम म्हणजे आतील नळी धुणे.

शेतकरी वाचकांना हे समजावयास अवघड नाही. ज्यांच्या सुपारीच्या बागेत ठिबकच्या नळ्या आहेत त्यांनी आठवावे. ओढ्याचे पाणी वरून कितीही स्वच्छ दिसले तरी दोन-तीन हंगामांत तोट्या तुंबतात. तुंबण्याचे कारण दोन प्रकारचे असते. एक शेवाळ आणि जिवाणूंचा बुळबुळीत थर, दुसरे पाण्यातील क्षारांचा कडक थर. एकाच औषधाने दोन्ही जात नाहीत. शेवाळाला क्लोरीन लागते, क्षाराला आम्ल लागते. औषध सोडून ते काही वेळ आत मुरू द्यावे लागते आणि मग नळीच्या शेवटची टोपी काढून पाणी जोरात वाहू द्यावे लागते. नुसती तार घालून नळी खरवडणाऱ्याची बाग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुकते. शिवाय क्लोरीन आणि आम्ल एकाच वेळी एकत्र करू नये, विषारी वायू निघतो, हेही जाणत्या बागायतदारास माहीत असते.

आता दाढेकडे पाहू. वरच्या पहिल्या मोठ्या दाढेला तीन मुळे असतात आणि त्यांत पुष्कळदा चार नळ्या असतात. मुळाच्या टोकाशी नळी मिलिमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढी बारीक होते. ती सरळ नसते, वाकते, तिला आडवे फाटे फुटतात, आणि तिच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. कीड खोल गेली की आतील नस मरते आणि त्या कुजलेल्या मांसात जंतू घर करतात. दंतवैद्य ‘फाईल’ नावाच्या बारीक कानशीने नळी रुंद करतो. झुरिकच्या संशोधकांनी काढलेल्या दाढांच्या सूक्ष्म क्ष-किरण प्रतिमा घेऊन २००१ साली दाखवून दिले की कोणतीही कानस वापरली तरी नळीच्या भिंतीचा ३५ टक्के किंवा त्याहून अधिक भाग अस्पर्शच राहतो. तेथे लोखंड पोहोचत नाही, पोहोचले तर पाणीच पोहोचते.

आणि जंतू राहिले तर काय होते, याचा पुरावा त्याहूनही जुना आहे. १९६५ साली अमेरिकेत काकेहाशी, स्टॅन्ली आणि फिट्झगेराल्ड यांनी उंदरांच्या दाढा कोरून नस उघडी टाकली. साध्या उंदरांच्या नसा मेल्या, मुळाशी पू झाला. पूर्णपणे जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या नसा मात्र उघड्या राहूनही मेल्या नाहीत, उलट त्यांवर नवा कठीण थर धरू लागला. म्हणजे खरा शत्रू भोक नव्हे, जंतू होय.

धुण्याचे मुख्य औषध सोडियम हायपोक्लोराइट. आपण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो, तिचेच हे भावंड. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, हेन्री डेकिन या रसायनशास्त्रज्ञाने आणि अलेक्सिस कारेल या शल्यवैद्याने फ्रान्समध्ये सैनिकांच्या कुजणाऱ्या जखमा याच औषधाच्या अर्धा टक्का पाण्याने धुतल्या. पुढे दंतवैद्यांनी ते उचलले. आज ते अर्ध्या टक्क्यापासून सुमारे सहा टक्क्यांपर्यंत निरनिराळ्या तीव्रतेचे वापरतात. त्याचा मोठा गुण असा की ते जंतू मारते एवढेच नव्हे, तर मेलेले मांस विरघळवते. परंतु कानस चालवल्याने भिंतीवर दाताच्या भुग्याचा जो लेप बसतो, तो कठीण द्रव्याचा असल्याने त्याने निघत नाही. त्यासाठी ‘ईडीटीए’ नावाचे दुसरे द्रावण आहे. नॉर्वेच्या नीगार्ड-ऑस्टबी यांनी ते १९५७ साली या कामासाठी सुचवले. पाहा, बागेच्या नळीला दोन औषधे आणि दाढेच्या नळीलाही दोनच! येथेही ती एकमेकांत मिसळायची नसतात, कारण ईडीटीए मिसळले की हायपोक्लोराइटचा जोर मरतो. क्लोरहेक्सिडीन हे तिसरे औषध हायपोक्लोराइटवर पडले तर तपकिरी गाळ तयार होऊन नळी तुंबते, म्हणून मध्ये साध्या सलाइनने धुऊन घेतात.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. बागेच्या नळीची शेवटची टोपी उघडता येते, दाढेची नाही. मुळाच्या टोकापलीकडे जबड्याचे हाड आणि जिवंत मांस आहे. बंद टोकाच्या अरुंद नळीत हवेचा बुडबुडा अडकून बसतो आणि पाणी त्याच्या पुढे सरकत नाही. साध्या पिचकारीचे पाणी सुईच्या टोकापुढे फारसे जात नाही. म्हणून सुई केसासारखी बारीक हवी आणि टोकाच्या एक-दोन मिलिमीटर अलीकडेपर्यंत खोल न्यावी लागते. पण ती नळीत घट्ट बसता कामा नये, आणि दट्ट्या हळूच दाबायचा. जोराने दाबल्यास औषध हाडात घुसते, तत्काळ भयंकर कळ येते, गाल सुजतो व काळानिळा पडतो. म्हणूनच चांगल्या सुईचे भोक टोकाला न ठेवता बाजूला ठेवलेले असते. हे सर्व घाईचे काम नव्हे. औषध पुन्हा पुन्हा ताजे सोडावे लागते, हलवावे लागते. उघड्या डब्यातली ब्लीचिंग पावडर जशी निकामी होते, तसे हे औषधही नळीत वापरता वापरता थकते.

खुर्चीवर बसलेल्या रुग्णाला यातले काही दिसत नाही. तोंड उघडे, डोळ्यांवर दिवा, आणि मनात शेवटच्या बसची चिंता. तरी एक गोष्ट त्याने जरूर विचारावी, ती म्हणजे ‘रबर डॅम लावणार का?’ ही रबराची पातळ चादर दाढेभोवती ताणून बसवतात. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने ती १८६४ साली काढली. तिच्यामुळे तोंडातली थुंकी धुतलेल्या नळीत उतरत नाही आणि ब्लीचचे पाणी घशात जात नाही. शेतात पाट स्वच्छ करताना वरचा बांध आधी घालतात ना, तसाच हा बांध. विचारण्यात अपमान कसला? चांगला दंतवैद्य असे विचारणाऱ्यावर रागावणार नाही.

हल्ली काही दवाखाने लेसर आणि ध्वनिलहरींची यंत्रे असल्याची जाहिरात करतात. ध्वनिलहरींनी आतील द्रव घुसळला जाऊन तो कानाकोपऱ्यात जातो, हे खरे आहे आणि उपयोगाचेही आहे. परंतु धीराने केलेल्या साध्या धुण्यापेक्षा अशा यंत्राने दाढ अधिक वर्षे टिकते, असे अजून निर्विवाद ठरलेले नाही. नळीच्या मापाचा गटापर्चाचा कोन घेऊन हाताने खालीवर केला तरी अडकलेली हवा हटते, आणि त्यास खर्च काहीच नाही. तेव्हा यंत्र नाही म्हणून दवाखाना टाळू नये आणि यंत्र आहे म्हणून दुप्पट पैसे मोजू नयेत.

दोष केवळ दंतवैद्यांचा नाही, हेही बोलले पाहिजे. पहिल्या दिवशी नस काढली की दुखणे थांबते. मग सुपारीचा हंगाम, लग्नसराई, भाताची लावणी, काही ना काही निघते आणि माणूस दुसऱ्यांदा जातच नाही. दोन बैठकींच्या मध्ये नळीत बहुधा कॅल्शियम हायड्रॉक्साइड भरून ठेवतात. पानाला लावतो त्या चुन्याचेच हे शुद्ध रूप (घरचा चुना मात्र दाढेत भरू नये, तोंड भाजते). वरची तात्पुरती भरणी काही आठवड्यांसाठीच असते. ती झिजली की थुंकी आत झिरपते आणि धुतलेली नळी पुन्हा जंतूंची होते. सहा महिन्यांनी गाल सुजतो आणि दोष उपचाराला दिला जातो. एकाच बैठकीत सर्व उरकणे चूक नव्हे, नीट धुतले असेल तर तेही चालते. अर्धवट सोडणे मात्र कधीच चालत नाही.

आपल्या भागात भरणाऱ्या दंतशिबिरांविषयी आम्हाला येथेच तक्रार करायची आहे. तेथे तपासणी होते, पेस्ट वाटली जाते आणि दाढा उपटल्या जातात. शिबिराच्या खुर्चीत क्ष-किरण नसतो, वेळ नसतो, हे आम्ही समजू शकतो. पण वाचण्याजोगी दाढ तेथेच उपटून देणे ही सेवा नव्हे. एक दाढ गेली की तिच्या समोरची सरकू लागते, शेजारच्या कलतात, आणि नाचणीची भाकरी एका बाजूनेच चावण्याची पाळी येते. संत अपोलोनियाचे दात इ. स. २४९ मध्ये अलेक्झांड्रियात जमावाने तोडले, म्हणून ९ फेब्रुवारीला दातदुखीचे रुग्ण तिचे स्मरण करतात. आपण मात्र शिबिर भरवून, हौसेने, दात काढून घेतो!

आमची सूचना अशी. धर्मग्रामाच्या सेवामंडळाने पुढच्या शिबिरात दंतवैद्यांना आधीच सांगावे की असह्य दुखणारी किंवा पूर्ण मोडलेली दाढच काढावी आणि बाकीच्यांची यादी करावी. बेळगावचे के.एल.ई. दंत महाविद्यालय १९८५ पासून, धारवाडचे एस.डी.एम. १९८६ पासून आणि बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय १९८० पासून आहे. महाविद्यालयात विद्यार्थी शिक्षकांच्या नजरेखाली काम करतात. खेपा जास्त पडतात, पण खर्च खाजगी दवाखान्याहून बहुधा कमी येतो आणि धुण्याला वेळ दिला जातो. यादीतल्यांनी एक वार ठरवून एकत्र जीप करावी. सेवामंडळाने जाण्याच्या भाड्याला हातभार लावण्यापेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेच्या भाड्याला लावावा, कारण माणसे पहिल्या खेपेला आपणहून जातात. दाढ दुखत असते ना!