सायकलवाल्याने टॅक्स भरला का?

परवा संध्याकाळी सेव्हन हिलच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो होतो. माझ्या पुढे एक साठीतले काका, सायकलवर. हँडलला डबा अडकवलेला, कॅरिअरला गुंडाळलेला रेनकोट. बहुतेक वॉचमन असावेत, रात्रपाळीला निघालेले. सिग्नल सुटला आणि त्यांना पहिला पॅडल मारायला दोन सेकंद जास्त लागले. मागच्या मोठ्या गाडीने हॉर्नवर जो हात ठेवला तो काढलाच नाही. पुढे जाताना काच खाली करून वर सुनावलं, "रोड टॅक्स आम्ही भरायचा आन रस्ता ह्यांनी अडवायचा! साइडला घे ना!"

काका काही बोलले नाहीत. मुकाट्याने खाली खडीत उतरले, सायकल हातात धरून दहा पावलं चालले, मग पुन्हा बसले.

मीही काही बोललो नाही. ते डोक्यातून जाईना, म्हणून ही पोस्ट. लांब आहे, पण वाचा.

खरं सांगायचं तर "सायकलवाले टॅक्स भरत नाहीत" हे वाक्य मी स्वतःही पूर्वी बोललेलो आहे. रविवारी सकाळी हेल्मेट घालून निघणाऱ्या ग्रुपने रस्ता अडवला की तोंडातून येतंच. आणि आता तर काही जण गंभीरपणे म्हणतात, सायकल ट्रॅक पाहिजे ना, मग सायकलवर कर लावा, वर्षाला शंभर-दोनशे रुपये, त्यात काय एवढं? प्रश्न गैर नाही. रस्त्याला पैसा लागतो आणि जो वापरतो त्याने द्यावा, हे तत्त्व ऐकायला बरोबरच वाटतं. म्हणून रागावून नको, हिशोब मांडून बघू.

आधी गाडीवाल्यांची बाजू, कारण मीही त्यातच येतो. आपण कमी भरत नाही. लाखाची स्कूटर घेतली की आरटीओत दहा-अकरा हजार एकरकमी कर जातो. कारला त्याहून जास्त टक्के. पेट्रोलवर राज्याचा व्हॅट, केंद्राचं उत्पादन शुल्क, त्यात रस्ते आणि पायाभूत सुविधांचा सेस. एवढं भरून कंबरड्याला दणके खात जायचं म्हटल्यावर माणूस चिडणारच. चिडायला काही हरकत नाही. फक्त तो राग चुकीच्या माणसावर निघतो.

कारण हा पैसा जातो कुठे ते बघा. वाहन कर राज्याच्या तिजोरीत जातो. तिथून शाळा, पोलीस, पगार, पेन्शन, सगळ्यालाच वाटला जातो. पेट्रोलवरचा सेस केंद्राकडे, त्यातून मुख्यतः महामार्गांची कामं. समृद्धीचा टोल जो वापरतो तो भरतो, आणि तिथे सायकलच काय, दुचाकीलाही प्रवेश नाही. आता तुमच्या घरासमोरचा रस्ता, सिडकोतला, पुंडलिकनगरचा, शहागंजातला, तो कोणाचा? महापालिकेचा. आणि महापालिकेच्या तिजोरीत तुमचा आरटीओचा कर थेट जातच नाही.

तिथे जातो मालमत्ता कर. मुंबईच्या मालमत्ता कराच्या बिलात तर पथकर असा वेगळा रकानाच असतो. आणि जातो जीएसटीचा वाटा. जकात गेली, एलबीटी गेला, २०१७ मध्ये जीएसटी आला, तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना दर महिन्याला भरपाईची रक्कम देतं. बऱ्याच अंशी त्याच्यावरच महापालिकांचा गाडा चालतो. मोठे रस्ते करायचे असले की वरून निधी आणावा लागतो. आपल्याकडे २०१७ मध्ये १०० कोटी आले, २०२० मध्ये १५२ कोटी मंजूर झाले, पुढे स्मार्ट सिटीतून तीनशे कोटींच्या वरची रस्त्यांची कामं निघाली. सगळा जनतेच्या कराचाच पैसा.

आता सांगा, त्या काकांनी यातलं काय भरलं नाही? ते भाड्याच्या खोलीत राहत असतील, तर घरमालक घरपट्टी भाड्यातूनच वसूल करतो. साबण घेतला, मोबाईलचा रिचार्ज मारला, चप्पल घेतली, प्रत्येक वेळी जीएसटी गेला. इतकंच काय, सायकलवरही गेला. सप्टेंबर २०२५ पर्यंत सायकलवर १२ टक्के जीएसटी होता, आता ५ टक्के आहे. म्हणजे ६,००० च्या सायकलवर आधी ७२० रुपये, आता ३००. हे भरूनच ते त्या सिग्नलला उभे होते.

आणि एक गंमत. महाराष्ट्रात इलेक्ट्रिक गाड्यांना वाहन कर माफ आहे. चांगलंच आहे, धूर कमी होतो. पण मग वीस लाखांच्या इलेक्ट्रिक कारवाल्याला कोणी सिग्नलला काच खाली करून विचारतं का, "रोड टॅक्स भरला का?" नाही विचारत. म्हणजे मुद्दा टॅक्सचा नाहीच. मुद्दा समोरचा माणूस कसा दिसतो याचा आहे.

बरं, तरीही कर लावायचाच म्हटलं तर? कायदा आडवा येत नाही. संविधानाच्या सातव्या अनुसूचीत राज्यांच्या यादीत ५७ क्रमांकाची नोंद आहे, रस्त्यावर चालणाऱ्या वाहनांवरचा कर, मग ती यंत्राने चालोत वा न चालोत. महापालिका अधिनियमाच्या १२७ व्या कलमातही वाहनं, नौका आणि जनावरं यांच्यावरच्या कराचा उल्लेख आहे. तुमच्या घरातल्या जुन्या माणसांना विचारा. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत सायकलला नगरपालिकेचा बिल्ला लागायचा. दरवर्षी पैसे भरायचे, पत्र्याचा बिल्ला घ्यायचा, सायकलला लावायचा. बिल्ला नसला की पकडायचे. हवा सोडायचे तो प्रकार वेगळाच.

तो बिल्ला का गेला असेल, हे कळायला साधा हिशोब पुरतो. समजा आपल्या शहरात एक लाख सायकली आहेत, आणि प्रत्येकीला वर्षाला ५० रुपये कर लावला. सगळ्यांनी भरला तर ५० लाख होतात. त्यातून बिल्ले छापा, नोंदी ठेवा, वसुलीला माणसं लावा, चौकात तपासणी करा. पण तो खर्च शून्य धरला तरी २०२० मध्ये मंजूर झालेले १५२ कोटी जमा व्हायला ३०४ वर्षं लागतील. मलिक अंबरने इथं खडकी वसवली त्याला चारशे वर्षं झालीत, म्हणजे त्याच्या नातवाने वसुली सुरू केली असती तर आत्ताआत्ता एक हप्ता पूर्ण झाला असता! आणि या महापालिकेला घरपट्टी वसूल करताना दर मार्चमध्ये काय घाम फुटतो, ते आपण पेपरात वाचतोच.

झिजेचं बघा. "वापरतो त्याने द्यावं" म्हणता, तर रस्ता कोण झिजवतो? अमेरिकेत इलिनॉय राज्यात १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम रस्ते बांधून, त्यावर ट्रक फिरवून मोठी चाचणी झाली होती. त्यातून इंजिनिअर लोक आजही वापरतात तो नियम निघाला. एका आसावरचं वजन दुप्पट झालं की रस्त्याची झीज दुप्पट होत नाही, साधारण सोळापट होते. सायकल आणि माणूस मिळून १०० किलो धरा, म्हणजे एका आसावर ५०. कार १,२०० किलो धरा, एका आसावर ६००. वजन बारापट, तर झीज वीस हजार पटीच्या वर. मालाने भरलेल्या ट्रकचं तर बोलूच नका. म्हणजे झिजेप्रमाणे कर लावायचा ठरवला आणि कारवाल्याने वीस हजार भरले, तर सायकलवाल्याच्या वाट्याला रुपयासुद्धा येत नाही. आणि आपले रस्ते तर गाड्यांच्या आधी पावसाने, काळ्या मातीने आणि पाइपलाइनसाठी केलेल्या खोदकामाने जातात, ज्यात काकांचा काडीचा दोष नाही.

जगात असा कर कुणी लावलाच नाही असंही नाही. सायकलींचा देश म्हणून आपण ज्याचं नाव घेतो त्या नेदरलँड्समध्येच १९२४ ते १९४१ सायकल कर होता. सायकलला पत्र्याचा बिल्ला, आपल्यासारखाच. बेकारांना, गरिबांना बिल्ला फुकट मिळायचा, पण त्याला मधे भोक पाडलेलं असायचं. म्हणजे रस्त्यावरून जाताना सगळ्या गावाला कळायचं, हा गरीब आहे. मला त्या भोकाची गोष्ट वाचल्यापासून सेव्हन हिलचे काका आठवतात. आपण बिल्ला न देताच ते भोक पाडतोय.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०१८ पासून वेगळी वाट काढली. २०० डॉलर किंवा त्याहून महाग नव्या सायकलीवर एकदाच १५ डॉलर. कुणी म्हणेल, हे बरंय, हौशी लोकांच्या लाखाच्या सायकलीवर लावा. अहो, लागलेलाच आहे की! लाखाच्या सायकलीवर ५,००० जीएसटी आजही जातो.

आता आपल्या गावची गोष्ट. मानव विकास कार्यक्रमाचं आयुक्तालय आपल्याच शहरात आहे. त्या कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकलीसाठी सरकार पैसे देतं. शाळा लांब म्हणून मुलीचं शिक्षण सुटू नये, एवढाच हेतू. एका हाताने सरकारने पोरीला सायकल द्यायची आणि ती पोरगी पुढं कॉलेजला शहरात आली की दुसऱ्या हाताने महापालिकेने बिल्ला मागायचा? काय राव, हे कोणत्या हिशोबात बसतं?

सायकलवाल्यांचंही चुकतं, ते लपवत नाही. रात्री लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही, जालना रोडवर सर्रास राँग साइड. हे बंद व्हायलाच पाहिजे, त्यांच्याच जिवासाठी. पण त्याला नियम आणि समज लागते, कर नाही. दुचाकीवाले कर भरतात, मग ते राँग साइडने येत नाहीत का?

राहिला सायकल ट्रॅकचा खर्च. २०२० मध्ये केंद्राच्या 'इंडिया सायकल्स फॉर चेंज' स्पर्धेत आपलं शहर उतरलं होतं. पट्टे आखले, फोटो निघाले. आज त्या पट्ट्यांवर काय उभं असतं ते तुम्ही रोज बघता, मी सांगायची गरज नाही. म्हणून मी म्हणतो, वेगळा भव्य ट्रॅक नंतर बघू. आत्ता फक्त एवढं करा. नवीन सिमेंटचा रस्ता होतो तेव्हा कडेला जो अर्ध्या फुटाचा खड्ड्यासारखा उतार राहतो, तो भरून घ्या. कडेची खडी, माती झाडून घ्या. कंपन्यांच्या शिफ्ट सुटतात त्या वेळेला चिकलठाणा आणि वाळूजच्या रस्त्यावर दिवे चालू असू द्या. याला सायकल कर लागत नाही, कामाचं बिल मंजूर करताना कोणीतरी जागेवर जाऊन बघावं लागतं.

बजाजचा कारखाना वाळूजला १९८५ मध्ये आला. हे शहर दुचाकी बनवत मोठं झालं आणि त्याचा अभिमान आहेच. पण त्या कारखान्यांच्या गेटवर सायकल लावून आत गेलेली माणसंही याच शहराने बघितलीत. आपल्यातल्या कितीतरी जणांचे वडील त्यात होते. माझे होते.

म्हणून विनंती एवढीच. पुढच्या वेळी सिग्नलला पुढे सायकल असेल तर दोन सेकंद थांबा. आणि रस्त्याचा राग आलाच, तर काच खाली करून सायकलवाल्याला नका विचारू. तुमच्या वॉर्डातल्या नगरसेवकाला आणि महापालिकेच्या इंजिनिअरला विचारा, आम्ही सगळ्यांनी भरलेला पैसा कुठं गेला? त्या "आम्ही सगळ्यांनी" मध्ये ते काकाही आहेत.

पटलं नाही तर खाली लिहा, वाद घालू. पण हिशोब घेऊन या.