घरच्या आईची श्रमनिद्रा

आज विजयादशमी. नऊ दिवस अखंड तेवलेला दीप, घटाभोवती तरारून आलेले धान्याचे अंकुर, दिवसागणिक एकेक चढत गेलेली माळ आणि सांजसकाळ दुमदुमणारा ‘आई राजा उदो उदो’चा घोष, या साऱ्यांची मंगल सांगता करून आपण आज सीमोल्लंघनास निघणार. आपट्याची पाने देऊन-घेऊन थोरांचे आशीर्वाद मागणार. 

धाराशिव जिल्ह्यातील माणसांस या सणाची थोरवी सांगावयास नको. महाराष्ट्राची कुलस्वामिनी आपल्याच जिल्ह्यात, बालाघाटाच्या कुशीत, तुळजापुरी नांदते. अहिल्यानगर परिसरातून येणारा पलंग आणि बुऱ्हाणनगरची पालखी दरवर्षी याच सुमारास तुळजापुरात दाखल होतात. देवीची मूर्ती सिंहासनावरून हलवून, साड्यांमध्ये जपून लपेटून पालखीत ठेवली जाते आणि उदोकाराच्या गजरात सीमोल्लंघनाचा सोहळा पार पडतो. हे सारे पाहण्यास लोटणारी गर्दी आपण जाणतोच. परंतु आम्हांस आज वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे ते या सोहळ्यानंतरच्या विधीकडे. सीमोल्लंघन आटोपले की देवी सिंहासनावर परत जात नाही. ती पलंगावर निजते. आश्विन पौर्णिमेपर्यंतचे पाच दिवस तिची निद्रा चालते. या निद्रेस आपल्या पूर्वजांनी नाव दिले आहे ‘श्रमनिद्रा’.

वर्षातून तीनदा तुळजाभवानी अशी मंचकी निद्रा घेते. घटस्थापनेपूर्वी, भाद्रपद वद्य अष्टमीपासून, ती घोरनिद्रा. पौषात शाकंभरी नवरात्रापूर्वी ती मोहनिद्रा. आणि महिषासुराशी झालेल्या युद्धानंतर थकल्या देहाने घ्यावयाची ती श्रमनिद्रा. देवीच्या गादीसाठी स्त्रिया भक्तिभावाने कापूस पिंजतात. या काळात सिंहासन रिकामे असते. त्यावरील नित्याचे अभिषेक होत नाहीत. भक्तांची रीघ लागलेली असली तरी आईस कोणी उठवीत नाही.

या एका शब्दात केवढा अर्थ साठविला आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. जी आदिशक्ती, जी विश्वाची जननी, तिलाही श्रम होतात, हे आपल्या धर्माने मान्य केले. श्रम झाले म्हणजे विश्रांती हवी, हेही मान्य केले. ती विश्रांती चोरून वा सवड सापडली तर घ्यावयाची नसून तिथी ठरवून, पलंग मांडून, सन्मानाने द्यावयाची असते, हेही शिकविले. मग ही शिकवण देवळाच्या महाद्वारातच का राहावी? ती आपल्या उंबऱ्याच्या आत का येऊ नये?

गेल्या नऊ दिवसांत आपल्या घरी काय घडले ते आठवावे. गृहिणीने पहाटे उठून सडासंमार्जन केले, घटास पाणी घातले, माळ बांधली. तिचा स्वतःचा उपवास. पण उपवास म्हणजे स्वयंपाकास सुट्टी नव्हे. उपवासाच्या माणसांसाठी भगर, शेंगदाण्याची आमटी, रताळी. ज्यांस उपवास नाही त्या मुलाबाळांसाठी भाजी-भाकरी, वरण-भात. म्हणजे एका घरात दोन स्वयंपाक. त्यात फुलोऱ्याच्या कडाकण्या, अष्टमीची गडबड, सवाष्णींची जेवणे आणि आज पुन्हा पुरणावरणाचा नैवेद्य. तुळजापुरातील पुजारी मंडळींच्या घरी तर दूरदूरच्या यजमानांचे नैवेद्य आणि पंगती याच दिवसांत उठतात. तेथील मायभगिनींचा हात नऊ दिवस परातीबाहेर निघत नाही. देवीचे युद्ध नऊ दिवसांचे असते. घरच्या आईचे युद्ध बाराही महिन्यांचे आहे. तिच्या श्रमनिद्रेची तिथी मात्र कोणत्याच पंचांगात छापलेली नाही.

यावर कोणी म्हणेल की आपल्या सणांनी स्वयंपाकास विसावा दिलेलाच आहे. नागपंचमीस चिरू नये, कापू नये, तळू नये, तवा चढवू नये असा दंडक आहे. श्रावणातील शीतला सप्तमीस तर चूलच पेटवावयाची नाही. तिची पूजा करून तिला थंड ठेवावयाचे. मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे आपल्या वेळ अमावास्येस, सारे गाव शेतात लोटते आणि घरोघरच्या चुली ओस पडतात. हे सर्व खरे आहे. परंतु या सुंदर रीतींकडे जरा निरखून पाहावे. नागपंचमीस तवा विसावतो, पण पुरणाची दिंडे उकडावी लागतात. शीतला सप्तमीस चूल विसावते, पण त्या दिवशीचे अन्न आदल्या रात्री जागून कोणी शिजविले? वेळ अमावास्येचा सण म्हणजे आपल्या मुलखाचे भूषण. कडब्याची खोप, पांडवांची पूजा, भज्जी, उंडे, आंबील, खीर, धपाटे. ज्याने ही पंगत शेतात बसून अनुभवली तो ती जन्मभर विसरणार नाही. पण त्या पाट्या भरण्यासाठी घरची बाई आदल्या दिवसापासून उभी असते आणि मध्यरात्री उठून पुन्हा पदर खोचते. चुलीची विश्रांती वेगळी आणि चूल पेटविणारीची विश्रांती वेगळी, हा भेद आपण आजवर लक्षात घेतलेला नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नव्हे. कोकणातील बेने इस्रायल समाज पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवी आणि शनिवारी घाणा बंद ठेवी. त्यावरून गावकरी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. यहुदी धर्मशास्त्राने त्या दिवशी अन्न शिजविणेही वर्ज्य केले. परंतु शनिवारचे जेवण शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी सिद्ध करून ठेवण्याचा भार तेथेही बहुधा घरच्या स्त्रीवरच पडे. धर्म निराळे, चुलीची कहाणी एकच.

ज्याने श्रम केले त्यालाच विसावा, हे तत्त्व आपण इतरत्र मात्र चोख पाळतो. पोळ्याच्या आदल्या सायंकाळी बैलाचे खांदे मळतो आणि पोळ्यास त्याच्या मानेवर जू ठेवीत नाही. उलट त्यास पुरणपोळीचा घास भरवितो. खंडेनवमीस आपली अवजारे धुऊनपुसून, हळदकुंकू वाहून बाजूस ठेवतो. बैलास विसावा, नांगरास विसावा, विळा-कोयत्यास विसावा आणि आज साक्षात जगदंबेसही विसावा. या ओळीत एकच जागा रिकामी आहे, आणि ती जिची आहे तीच पोळ्याची पुरणपोळी लाटीत असते.

येथे एक गोष्ट संकोच सोडून सांगितली पाहिजे. आपल्या आज्या-पणज्यांस महिन्यातून काही दिवस स्वयंपाकघरापासून दूर बसावे लागे, आणि त्यांतील कित्येक जणी खासगीत म्हणत की तेवढाच काय तो पाठीस आराम. ही विश्रांती त्यांस मिळाली ती विटाळ म्हणून. मान म्हणून नव्हे. देवीची श्रमनिद्रा नेमकी याच्या उलट आहे. तेथे कोणी देवीस दूर सारीत नाही; तिच्यासाठी गादी घालतात. घरच्या लक्ष्मीस विसावा द्यावयाचा तो असा, गादी घालून द्यावयाचा.

आता जाते गेले, पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला, गॅसची शेगडी आली. मग श्रम राहिले कोठे, असेही विचारले जाते. केंद्र सरकारने २०२४ साली केलेल्या वेळवापराच्या पाहणीत असे दिसले की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर घरकामात हात घालणारे पुरुष ८८ मिनिटे. म्हणजे एकीकडे पावणेपाच तासांहून अधिक, तर दुसरीकडे दीड तासही नाही. आणि ही सरासरी आहे. सणावाराचा दिवस तिच्या कितीतरी पलीकडचा असतो. आपल्याच जिल्ह्यातून सण आटोपताच ऊसतोडीस निघणाऱ्या मायभगिनी तर पहाटेच्या अंधारात भाकऱ्या थापून मग फडात कोयता धरतात. त्यांच्या विसाव्याचा प्रश्न एका लेखाने सुटणारा नाही. परंतु तो विसरून ‘विश्रांती’ हा शब्द उच्चारणेही आम्हांस अनुचित वाटते.

भाविक घरांतून या विचारास दोन आक्षेप येतील, हे आम्ही जाणतो. पहिला असा, की स्वयंपाक हा स्त्रीचा धर्म, पुरुषाने तेथे जाणे शोभत नाही. यास आमचे उत्तर संतचरित्रांतच आहे. जनाबाईसोबत जात्यावर दळावयास बसला तो प्रत्यक्ष पांडुरंग, आणि पैठणास एकनाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले तेही प्रत्यक्ष भगवंताने, अशी आपली श्रद्धा आहे. देव भक्ताच्या घरी आला तेव्हा त्याने घरकामच अंगावर घेतले. जे काम करण्यात परमेश्वरास उणेपणा वाटला नाही, ते करण्यात गृहस्थास का वाटावा? शिवाय स्वयंपाक पुरुषांस येत नाही, हेही खरे नव्हे. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहांत आमटी-भाजीच्या भल्या मोठ्या कढया ढवळणारे आणि पंगतीत वाढणारे हात पुरुषांचेच असतात. शेकडो माणसांची आमटी ज्यास साधते, त्यास घरच्या पाच माणसांची खिचडी साधणार नाही काय? फरक इतकाच, की सप्ताहातही भाकरीच्या टोपल्या बहुधा घरोघरच्या चुलीवरूनच येतात.

दुसरा आक्षेप नैवेद्याचा आणि सोवळ्याचा. देवापुढे काय ठेवावयाचे? आमचे नम्र म्हणणे असे, की आपल्या परंपरेत दूधसाखरेचा, गूळखोबऱ्याचा नैवेद्यही नैवेद्यच मानला आहे. पाच पक्वान्नांचे ताट करणारी थकून भिंतीस टेकली असेल, तर त्या ताटापेक्षा दूधसाखरेची वाटी देवीस अधिक गोड लागेल, असा आमचा विश्वास आहे. विकतचे अन्न आणावे की नाही हा ज्याच्या त्याच्या घरच्या आचाराचा प्रश्न. आणावयाचे असेल तर आपल्याच गावातील पोळी-भाकरी करून विकणाऱ्या भगिनींकडून रास्त मोल देऊन आणावे. एकीच्या विसाव्याची किंमत दुसरीने चुकवू नये.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. पुष्कळदा गृहिणीच म्हणते, ‘मला नको ग बाई विश्रांती.’ याचे कारण तिला विश्रांतीचा कंटाळा आहे असे नव्हे. तिला ठाऊक असते की एक वेळ ती बाजूस बसली तर तेलाने माखलेली शेगडी, पसरलेले डबे आणि खरकट्या भांड्यांचा ढीग संध्याकाळी तिचीच वाट पाहणार. वर ‘एक दिवस केले तर केवढे केले’ हे ऐकावे लागणार ते निराळेच. तेव्हा विसावा द्यावयाचा तो भांडी घासून, ओटा पुसून, पिण्याचे पाणी भरून द्यावा. देवी निजलेली असताना तिच्या गाभाऱ्यात कोणी पसारा घालीत नाही.

म्हणून आमची वाचकांस विनंती आहे, की उद्यापासून कोजागरीपर्यंत देवीची श्रमनिद्रा चालू असताना प्रत्येक भाविक घराने त्यांतील निदान एक दिवस घरच्या आईच्या श्रमनिद्रेसाठी राखावा. त्या दिवशी तिने चुलीकडे फिरकू नये. मुलग्यांनी वरण-भात लावावा, कर्त्या पुरुषाने पिठले ढवळावे, भाकरी वाकडी झाली तरी हसतमुखाने खावी. सासूने तो दिवस सुनेस द्यावा, सुनेने सासूस द्यावा. कोजागरीचे दूध पुरुषांनी अंगणात आटवावे आणि पहिला पेला तिच्या हाती द्यावा. ही रीत पुढे वेळ अमावास्येपर्यंत न्यावी. वांगी भाजण्यास, उंडे वळण्यास आणि पाट्या वाहून नेण्यास आदल्या रात्री सर्वांचे हात लागले, तर शेतातल्या पंगतीस तीही आपल्यासारखीच भुकेली आणि ताजीतवानी बसेल.

याच पौर्णिमेस सोलापूरकडून तुळजापूरच्या वाटेने हजारो माणसे पायी येतील. त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने असतील. वाटेवर ठिकठिकाणी भाविक मंडळी त्यांस आग्रहाने थांबवून फराळ, जेवण, चहापाणी देतील. पाय सुजलेल्या त्या माउलींच्या मुखावरील समाधानात देवीदर्शनाची ओढ तर असतेच. पण कोणीतरी हातात आयते ताट दिले, याचाही त्यात थोडा वाटा नसेल काय? ते ताट देण्यासाठी आपल्या घरच्या बाईने अनवाणी इतकी वाट तुडवावी, याची आपण वाट पाहू नये.

पौर्णिमेस देवी निद्रेतून जागी होऊन पुन्हा सिंहासनावर बसेल, तेव्हा तिच्या दारी हात जोडताना आपल्या घरची आईही विसावलेल्या, प्रसन्न मुखाने आपल्याशेजारी उभी असावी, एवढेच मागणे आम्ही आज जगदंबेच्या चरणी मागतो. आई राजा उदो उदो!